पथ्याच्या भाज्यांसाठी घरातील रोपवाटिका

रुग्णास पथ्य सांगणे सोपे, ते त्याच्या ताटात पोहोचविणे अवघड. कारले, दुधी, रक्तपित्तात तांदुळजा अशी नावे आपण नित्य लिहून देतो. फवारणीविना भाजी कोठे मिळेल, या प्रश्नावर मात्र आपण निरुत्तर होतो. सांडोरला आमच्याभोवती अजून भाजीच्या वाड्या आहेत. पण माझे बहुतेक रुग्ण आता सदनिकांत राहतात. त्यांच्या गॅलरीतील कुंड्यांसाठी मी दवाखान्यामागील खोलीत रोपे तयार करून देतो.

रोपे घरातच का? वसईचा पाऊस कोवळे रोप टिकू देत नाही. हवामान खात्याने २०२० मध्ये सुधारलेल्या तारखांनुसार मुंबई परिसरातून मोसमी पाऊस परतण्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर आहे. वांगी, मिरची, टोमॅटो यांच्या रोपांस सुमारे पाच आठवडे लागतात. म्हणून त्यांचे बी सप्टेंबरच्या आरंभी पेरावे. कारले, दुधी यांना दोन-तीन आठवडे पुरतात. त्यांच्या मुळांना धक्का सोसत नाही, म्हणून ते कागदी पेल्यात, तळाला छिद्रे पाडून लावावे. कारल्याचे बी टणक असते. ते रात्रभर पाण्यात भिजवावे. तांदुळजा थेट कुंडीतच पेरावा.

पहिल्या वर्षी माझी सारी रोपे आठवड्यात कोलमडली. जमिनीलगत देठ काळे पडून कुजले होते. कारण मीच होतो. पावसाळी दमट हवेत, बंद खोलीत, मी रोज पाणी घालीत होतो. अशा ओलीत मर रोगाची बुरशी फोफावते. आता कोकोपीट व गांडूळखत समभाग घेतो, वरचा थर सुकू लागल्यावरच ट्रेखालून पाणी देतो आणि पंखा मंद चालू ठेवतो.

दुसरा दोष प्रकाशाचा. ढगाळ दिवसांत खिडकीशी ठेवलेले रोप उजेडाकडे लांबते व दुबळे होते. त्यावर उपाय साधा आहे: पांढरी एलईडी ट्यूब रोपांवर चार-सहा इंचांवर टांगावी, रोज चौदा तास चालू ठेवावी आणि रोप वाढेल तशी वर घ्यावी. कुंडीत लावण्यापूर्वी आठवडाभर रोपांना क्रमाक्रमाने उन्हाची सवय करावी.

औषधालयचालकांसाठी एक सूचना महत्त्वाची आहे. पेरणीसाठी विकले जाणारे बी पुष्कळदा बुरशीनाशक लावून रंगविलेले असते. असे बी औषधात वा आहारात कदापि वापरू नये. ते औषधद्रव्यांच्या कपाटापासून दूर, नाव लिहून ठेवावे आणि हाताळल्यावर हात धुवावेत.

वृक्षायुर्वेदात बीजसंस्कारांचे सविस्तर वर्णन आहे. माझा अनुभव एवढाच की पाणी व प्रकाश यांनाही मात्रा असते. ती सांभाळली, तर कागदावरचे पथ्य कुंडीत उगवते. आपल्या दवाखान्यात या सप्टेंबरात एक ट्रे अवश्य लावून पाहावा.