परड्यातल्या कळपात नवी कोंबडी

आठवडी बाजारातून आणलेली कोंबडी थेट खुराड्यात सोडली, तर जुन्या कोंबड्या तिच्यावर तुटून पडतात. कळपात प्रत्येकीची पायरी ठरलेली असते. दाण्यावर आधी कोणी यायचे, कोणी कोणाला टोचायचे, हे सगळ्यांना माहीत असते. नॉर्वेच्या थॉर्लाइफ शेल्डरुप-एब्बे यांनी १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला ही उतरंड शास्त्रीय रीतीने मांडली. नवी कोंबडी आली की उतरंड पुन्हा लागते, त्यामुळे थोडी टोचाटोची अटळच.

त्याहून मोठे भय रोगाचे. मानमोडी म्हणजे राणीखेत. भारतात हा विषाणू १९२७ साली कुमाऊंमधल्या राणीखेतला आढळला, म्हणून हे नाव. लागण झाल्यावर साधारण दोन ते पंधरा दिवसांत लक्षणे दिसतात: धाप, हिरवट हगवण, मान वाकडी होणे. बाजारातली टवटवीत कोंबडीही रोग घेऊन येऊ शकते, म्हणून तिला निदान तीन आठवडे घराच्या दुसऱ्या अंगाला वेगळी ठेवावी. दाणापाणी आधी जुन्यांना, मग तिला. पंखांखाली उवा पाहाव्यात. मानमोडीवर औषध नाही, लस आहे. ती जुन्या कळपालाही वेळच्या वेळी टोचलेली हवी.

त्यानंतर ओळख. सिंधुदुर्गात नव्या कोंबडीच्या पायाला दोरी बांधून तिला खळ्यात ठेवतात. ती पळून जात नाही हे खरे, पण मार चुकवायलाही तिला जागा उरत नाही. त्यापेक्षा ती डालग्याखाली किंवा जाळीआड बरी: आठवडाभर एकमेकींना दिसाव्यात, चोच मात्र पोचू नये. मग काळोख पडल्यावर तिला खुराड्यातल्या दांडीवर बसवावे. अंधारात कोंबड्यांना फारसे दिसत नाही, त्यामुळे रात्र शांत जाते. खरी परीक्षा सकाळची. खुराडे लवकर उघडावे आणि कण्या दोन-तीन ठिकाणी टाकाव्यात. एकटीपेक्षा दोघी-तिघी एकदम आणल्या, तर मार विभागला जातो.

रक्त दिसताच जखमी कोंबडी बाजूला काढावी, कारण लाल जखमेवर सगळ्याच चोची मारतात. पावसाळ्यात कळप दिवसभर ओल्या, अरुंद खुराड्यात कोंडलेला असतो. शक्य तर नवी भरती पाऊस सरल्यावरच करावी.

राखणीला, म्हणजे राखणदार देवाच्या मानाला, कोंबडा गेला की त्याच्या जागी दुसरा येतो. त्यालाही आधी वेगळाच ठेवावा. पिल्ले आणायची असतील तर एक-दोन दिवसांचीच आणावीत आणि रात्री खुडूक कोंबडीखाली सरकवावीत. वाढलेली पिल्ले ती सहसा पोटाशी घेत नाही.