नवाचा फरक

परवा विजेचे बिल भरायला संगणकासमोर बसलो. मोबाइलवर सहा आकडी ओटीपी आला. तो वाचला, मान वळवली, चार आकडे बडवले आणि पाचवा कुठला ते आठवेना. पुन्हा मोबाइल उचलतो तोच दारावरची बेल वाजली. इस्त्रीवाल्याचा हिशेब करून परत येतो तो ओटीपीची मुदत संपलेली. ‘‘अहो, बँकेत सगळा जन्म आकड्यांतच काढलात ना?’’ स्वयंपाकघरातून आवाज आला. मी हसलो खरा, पण मला एक जुना मेमो आठवला.

गोष्ट १९८९ सालची. आमच्या शाखेत तेव्हा संगणक आलेला नव्हता. जाडजूड लेजरे, व्हाउचरांचे गठ्ठे आणि महिनाअखेरीला शिल्लक जुळवण्याचा घोर. त्या महिन्यात २७० रुपयांचा फरक राहिला. आमच्या वयस्क हेडक्लार्कनी आकडा पाहिला आणि म्हणाले, ‘‘नवाने भाग जातोय साहेब. आकडे उलटे पडलेत.’’ हा हिशेबनिसांचा जुना ठोकताळा. शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल झाली की फरक नेहमी नवाच्या पटीत येतो. रात्री नऊला नोंद सापडली. १,८५० च्या जागी १,५८० लिहिले होते.

नोंद करणारा कारकून कामसू मुलगा होता. तो एवढेच म्हणाला, ‘‘साहेब, आकडा वाचला आणि तेवढ्यात कुणीतरी पासबुक पुढे केलं.’’ मी नवा अधिकारी. ‘निष्काळजीपणा’ हा शब्द घालून त्याला मेमो दिला. पुढे त्याच्या बढतीच्या वेळी तो कागद फायलीतून वर आला, आणि बढती दोन वर्षे लांबली.

आता प्रश्न असा, की व्हाउचरवरून उचललेली नजर लेजरवर टेकेपर्यंत तो आकडा असतो कुठे? कागदावर नसतो, कायमच्या स्मरणातही नसतो. तो असतो मनाच्या एका चिमुकल्या मेजावर. मानसशास्त्रज्ञ याला अल्पकालीन स्मृती म्हणतात. त्या मेजावर नुसते ठेवायचे नसते, तिथेच बेरीज-वजाबाकीही करायची असते, म्हणून ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच या ब्रिटिश संशोधकांनी १९७४ साली ‘कार्यकारी स्मृती’ची कल्पना मांडली.

मेज केवढे? १९५६ साली जॉर्ज मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा निबंध गाजला. त्यात आकडा होता सात, दोन कमी किंवा दोन जास्त. पुढे २००१ मध्ये नेल्सन कोवन यांनी दाखवले, की मनात घोकण्याची किंवा गट पाडण्याची सोय काढून घेतली तर हाती जेमतेम चार गोष्टी उरतात. घोकण्यालाही मर्यादा आहे. साधारण दोन सेकंदांत पुटपुटून होईल इतकेच त्यात टिकते.

आणि मध्ये कुणी बोलले तर? १९५९ साली अमेरिकेत पीटरसन दांपत्याने एक साधा प्रयोग केला. माणसाला फक्त तीन अक्षरे सांगायची आणि लगेच एका मोठ्या संख्येतून तीन-तीन वजा करत उलटे मोजायला लावायचे. अठरा सेकंदांत बहुतेकांची ती तीन अक्षरे पुसली गेली. हे वाचले तेव्हा मला काउंटरवर पुढे झालेले ते पासबुक दिसले. त्यातून आपल्या मराठीत आणखी एक मेख. ‘चोपन्न’ म्हणताना कानावर आधी चार पडतो, लिहायचा मात्र आधी पाच. एकाने आकडे पुकारायचे आणि दुसऱ्याने लिहायचे, या कामात सगळी उलटापालट त्या इवल्याशा मेजावरच करावी लागते.

सरावाने मेज मोठे होत नाही का? पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात एका विद्यार्थ्याने दीड वर्षाहून अधिक काळ सराव करून सातावरून ७९ अंकांपर्यंत मजल मारली. १९८० साली हा प्रयोग प्रसिद्ध झाला. मुलगा धावपटू होता. ३४९२ हे अंक ऐकले की तो मनात म्हणे, मैलाची धाव, ३ मिनिटे ४९.२ सेकंद. चार अंकांची एक पुडी झाली. पण अंकांऐवजी अक्षरे दिली, तेव्हा गडी पुन्हा सहावर आला. मेज तेवढेच राहिले होते, तो फक्त पुड्या बांधायला शिकला होता.

आपल्या जुन्या पिढीने वेगळे काय केले? पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी तोंडपाठ. उत्तर थेट कोठारातून येई आणि मेज पुढच्या आकड्यासाठी मोकळे राही. लहानपणी या घोकंपट्टीचा मला राग येई. आज तिचे मोल कळते.

वयाबरोबर हे मेज आणखी आखडते, शब्दभांडार मात्र बराच काळ टिकून राहते. म्हणून कादंबरी लिहिता येते आणि ओटीपी निसटतो. मी आता तो तीन-तीन अंकांच्या दोन पुड्या करून म्हणतो आणि बेल वाजली तर वाजू देतो. पण मला छळते ते वेगळेच. मेजाच्या लहानपणाला मी स्वभावाचा दोष ठरवले. खरे तर तो कारकून जिथे बसत होता, ती जागा चुकीची होती. लेजर लिहिणाऱ्यालाच काउंटर सांभाळायला मी बसवले होते. मेमो द्यायचाच होता, तर तो मला द्यायला हवा होता.

गेल्या वर्षी तो एका लग्नात भेटला. त्याचेही केस पिकलेले, निवृत्त झालेला. जेवणाच्या रांगेत मी त्याला म्हटले, ‘‘तुला दिलेला तो मेमो चुकीचा होता. तेव्हाच सांगायला हवं होतं.’’ तो क्षणभर थांबला. मग हातातली ताटली सावरत म्हणाला, ‘‘अठराशे पन्नास, साहेब. मी नाही विसरलो.’’

दोन सेकंद न टिकलेला आकडा त्याने पस्तीस वर्षे सांभाळला होता.