गोठलेला वजीर आणि नाकतोड्याची उडी

बुद्धिबळ शिकू लागलेल्या पोराला कुणी ना कुणी चार खेळ्यांत मात देतंच. पांढरा उंट सी-४ वर, वजीर एच-५ वर आणि चौथ्या खेळीला वजीर एफ-७ चं प्यादं मारून काळ्या राजाला खेटून उभा. वजिराला उंटाचा जोर, त्यामुळे राजाला तो मारता येत नाही. डाव संपला.

आता नियमांत एकाच नियमाची भर घाला. मोहरा समोरच्या रंगाच्या, पण आपल्याच जातीच्या मोहऱ्याच्या माऱ्यात आला की जागीच गोठतो. हलत नाही, मारत नाही, शहही देत नाही. मग काळा आपला वजीर डी-८ वरून ई-७ वर सरकवतो. दोन वजीर एकमेकांच्या माऱ्यात, दोघेही गोठलेले. शह गेला आणि मातही गेली. पांढऱ्यानं घोडा सी-३ वरून डी-५ वर आणून ई-७ चा वजीर मारायचा बेत केला, तर एफ-६ वरचा काळा घोडा त्याला डी-५ वरच गोठवतो. शिवाय उंटाची तिरकी वाट डी-५ वरच्या त्या पांढऱ्या घोड्यानंच अडवलेली असते, म्हणून काळा राजा एफ-७ चा वजीर निर्धास्त मारतो.

या प्रकाराला जगभरचे कूटकार ‘मद्रासी’ म्हणतात. १९७९ मध्ये तो सुचला अब्दुल जब्बार करवतकर या भारतीय रचनाकाराला. यात एरवी राजाला गोठण्यातून सूट असते. राजांनाही नियम लावला, तर दोन्ही राजे शेजारच्या घरांत उभे राहू शकतात, कारण दोघेही गोठलेले! एका ओळीत सांगता येणारा नियम, पण तो खेळाचं सगळं गणित उलटं करतो. शह मिळाला की नेहमीचे उपाय तीन: राजा हलवा, मध्ये काही घाला किंवा शह देणाराच मारा. करवतकरांनी चौथा उपाय दिला. शह देणाऱ्याला त्याच्याच जातीचा मोहरा दाखवा, मग तो पटाच्या दुसऱ्या टोकाला का असेना.

अशा कोड्यांच्या प्रांताला ‘फेअरी चेस’ म्हणतात. हे नाव १९१४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या हेन्री टेट यांनी रूढ केलं, पण प्रांत वसवला तो टॉमस रेनर डॉसन यांनी. इंग्लंडमधल्या लीड्सला १८८९ मध्ये जन्मलेला हा माणूस पोटासाठी रबर उद्योगातल्या संशोधनात होता. त्यांनी ६,००० हून जास्त कोडी रचली आणि त्यातली बहुसंख्य याच प्रांतातली. ‘फेअरी चेस रिव्ह्यू’ हे नियतकालिक त्यांनी १९५१ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवलं.

त्यांचा सर्वांत लाडका मोहरा ‘ग्रासहॉपर’, म्हणजे आपला नाकतोडा. १९१३ मध्ये ‘चेल्टनहॅम एक्झॅमिनर’ या वर्तमानपत्रातल्या कोड्यांत तो आला. तो वजिराच्या रेषांवरूनच जातो, पण वाटेत एखादा मोहरा असेल तरच. तो ओलांडून त्याच्या लगेच पलीकडच्या घरात उतरायचं. तिथं शत्रू असेल तर मारायचं आणि आपला असेल तर उडी रद्द. मोकळ्या पटावर हा प्राणी हलूच शकत नाही.

समजा, पांढरा नाकतोडा ई-१ वर आहे, काळा राजा ई-८ वर आणि काळंच प्यादं ई-७ वर. मधली घरं मोकळी. राजाला शह आहे आणि तो त्याच्या स्वतःच्या प्याद्याच्या खांद्यावरून आलाय. प्याद्यानं बाजूचा मोहरा मारून पट्टी सोडली की शह संपला. ई-४ वर दुसरा मोहरा आणला तरी संपला, कारण आता नाकतोडा ई-५ वरच उतरेल. प्यादं ई-६ वर गेलं तरी तेच, कारण उडी ई-७ पर्यंतच पोचते. राजाचं रक्षण करणाराच त्याच्यावरच्या हल्ल्याची शिडी होतो. डॉसन यांना याच नात्याचं वेड होतं आणि मला ते त्यांच्या साऱ्या कामाचं मर्म वाटतं.

नियम बदलला म्हणजे काहीही चालतं, असा समज होतो. तो साफ चुकीचा आहे. उत्तर एकच हवं, ही अट इथंही तितकीच कडक. पांढऱ्याला दुसरी एखादी चाल सापडली की कोडं बाद. गोठलेले मोहरे आणि उड्या मारणारे नाकतोडे एकत्र आले की हातानं तपासणी फार अवघड. १९८० च्या दशकात फिलिप श्नोबेलेन यांनी अशी कोडी तपासणारा ‘पॉपाय’ हा संगणक-प्रोग्रॅम सुरू केला, इतरांनी तो वाढवला आणि आज तो कुणालाही फुकट वापरता येतो.

बदललेले नियम म्हणजे काहीतरी परकं, हा समजही तसाच चुकीचा. शतरंज या बुद्धिबळाच्या जुन्या रूपात वजीर एकच घर तिरका चालायचा. आजचा पटभर धावणारा वजीर पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात आला, म्हणजे तोही त्या काळचा बदललेला नियमच. आपल्या देशी खेळात शह न बसलेल्या राजाला एकदाच घोड्याची चाल मिळायची, प्यादं पहिल्या खेळीला दोन घरं जात नसे. शतरंजचा तो जुना वजीर आणि दोन घरं तिरका उडणारा जुना हत्ती आजही या कोड्यांत ‘फर्झ’ आणि ‘अल्फिल’ म्हणून काम करतात.

आकृती छापताना नाकतोडा म्हणून वजिराचं चित्र उलटं काढतात. मद्रासीला तर तेवढंही लागत नाही, घरातला पट पुरतो. आपल्या वर्तमानपत्रांत ‘दोन खेळ्यांत मात’च्या शेजारी आठवड्याला एक मद्रासी कोडं यावं आणि त्याखाली करवतकरांचं नाव असावं, अशी माझी फार इच्छा आहे.