बुरुडाचा कोयता आणि आपला बांध

राजुऱ्याच्या आठवडी बाजारात सूप किंवा टोपली घेताना शेतकरी बंधू वीण पाहतात, भाव पाडून मागतात; परंतु ज्या कोयत्याने ती साधली त्याची धार कोणी विचारीत नाही.

वेळू उभा चिरून त्याच्या एकसारख्या पातळ कांबी काढणे ही बुरुडाच्या हातची करामत खरी. पण धार बोथट असता हात काय करील? ती धार लोहार देतो. तापलेल्या पात्याची केवळ कड तो पाण्यात बुडवितो; तेणेकरून कड कठीण होते व पाठ चिवट राहते. जपानातील तलवारकार याच हेतूने पात्यास मातीचा लेप देऊन, पाठीवर जाड व धारेकडे पातळ, मग ते पाण्यात विझवितात. १८७६ साली तेथे सामान्यतः तलवार बाळगण्यास बंदी झाली, तेव्हा कित्येक कारागीर सुऱ्या व अवजारे घडवू लागले. गिऱ्हाईक मिळाले म्हणून विद्या तगली.

आपल्या बुरुड-लोहारांचे गिऱ्हाईक आपणच होय. प्लास्टिकचे टोपले स्वस्त, पण फुटले की त्यास सांधणारा गावात नाही. बुरुडास लागणारा वेळू आपल्या बांधावर होतो. २०१७ च्या दुरुस्तीने वनाबाहेरील बांबू भारतीय वन कायद्यातील वृक्षाच्या व्याख्येतून वगळला आहे. पावसाळी कोंब राखावे. तीन वर्षांचा पक्व वेळू हिवाळ्यात तोडावा, म्हणजे कीड कमी लागते.

बांधावर बेट व दारी बुरुड असेल, तर खळ्यास सुपांची वाण पडणार नाही, असे आम्हांस वाटते.