सागरी सहल, पंगत आणि वजनकाटा

आपल्या पांढुर्णा-सौंसर भागातून समुद्र कोणत्याही दिशेने शेकडो किलोमीटर दूर आहे. आपले पाणी म्हणजे जाम नदीचे नाहीतर विहिरीचे. तरीही अलीकडे सुट्टीच्या गप्पांत 'क्रूझ' हा शब्द ऐकू येऊ लागला आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबई-गोवा मार्गावर 'आंग्रिया' ही बोट सुरू झाली होती. पुढे सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनीचे 'एम्प्रेस' हे मोठे जहाज मुंबईहून गोवा, लक्षद्वीप अशा सफरींना जाऊ लागले. नागपूर गाठायचे, रात्रीच्या गाडीने मुंबईला जायचे आणि तिथून जहाजावर चढायचे, एवढा सोपा तो मार्ग झाला.

मागच्या सुट्टीनंतर आपल्या शाळेचे एक पालक भेटले. हसत हसत म्हणाले, "सर, चार दिवसांत दोन किलो वाढलो!" मी हसण्यावारी नेले. पण पुढे त्यांनी वडिलांविषयी सांगितले ते हसण्यासारखे नव्हते. आजोबांना मधुमेह आहे. दुपारी भरपूर जेवता यावे म्हणून त्यांनी सकाळची गोळी घेतली, पण नाश्ता केला नाही. अकराच्या सुमारास दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले आणि जहाजावरच्या डॉक्टरांना बोलवावे लागले. साखर दिल्यावर ते सावरले. मग घाबरून गेलेल्या त्याच आजोबांनी रात्री "आता अशक्तपणा आला" म्हणून तीन गोड पदार्थ खाल्ले. हे ऐकले आणि या विषयावर वार्तापत्रात लिहावे असे वाटले. आपण जहाजावर जाऊ न जाऊ, लग्नसराईतल्या 'बुफे'ला तर सगळेच जातो, आणि तिथले गणितही हेच आहे.

सागरी सहलीच्या तिकिटात राहणे आणि मुख्य जेवणे धरलेली असतात. सकाळचा नाश्ता, दुपारचे जेवण, संध्याकाळचा चहा व त्याबरोबरचे पदार्थ, रात्रीचे जेवण अशी रांग दिवसभर लागलेली असते. भारतीय शाकाहारी जेवण असते, जैन जेवणाचीही सोय असते. उपाशी राहण्याची भीती नाही. भीती आहे ती उलट बाजूने. पैसे आधीच दिलेले असल्याने मनात एकच विचार घोळतो, तो म्हणजे 'वसूल' करण्याचा. खरे तर तिकिटाचे पैसे त्याच दिवशी गेले. चार गुलाबजाम जास्त खाल्ले म्हणून त्यातला एक रुपयाही परत मिळत नाही; मिळतात ते फक्त गुलाबजाम. त्यांचा हिशेब शरीर ठेवते.

तो हिशेब असा. अन्नातील ऊर्जा उष्मांकांत (कॅलरीत) मोजतात. एक ग्रॅम पिष्टमय पदार्थातून किंवा प्रथिनातून सुमारे ४ उष्मांक मिळतात, एक ग्रॅम तेला-तुपातून ९. म्हणून त्याच वजनाचे तळलेले पदार्थ जड पडतात. समजा नेहमीच्या जेवणाशिवाय संध्याकाळी केकचा एक तुकडा खाल्ला, दुपारी एक शीतपेय घेतले आणि रात्री दोन गुलाबजाम. हे सगळे मिळून ढोबळमानाने ७०० उष्मांक होतात. सत्तर किलो वजनाच्या माणसाला ते खर्च करायला जवळजवळ चौदा किलोमीटर चालावे लागेल. शरीरात एक किलो चरबी साठायला सुमारे ७,७०० जादा उष्मांक लागतात. म्हणजे चार दिवस रोज ७०० जास्त खाल्ले तर चरबी वाढेल साडेतीनशे ते पावणेचारशे ग्रॅम.

मग काट्यावर दोन किलो कसे दिसले? विद्यार्थ्यांनी इथे थोडे थांबून विचार करावा, कारण यात शास्त्राची एक गंमत आहे. जादा खाल्लेल्या पिष्टमय पदार्थांचा काही भाग यकृतात व स्नायूंत ग्लायकोजेन म्हणून साठतो आणि प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवले जाते. शिवाय सूप, लोणची, पापड, चटकदार मसालेदार पदार्थ यांतले मीठही पाणी रोखून धरते. म्हणून परतल्या परतल्या दिसणारे वजन बरेचसे पाण्याचे असते आणि नेहमीचे जेवण सुरू झाले की आठवड्याभरात उतरते. ते पाहून घाबरून उपास करण्यात अर्थ नाही.

मात्र उरलेले तीन-चारशे ग्रॅम क्षुल्लक समजू नयेत. अमेरिकेत १९५ प्रौढांचे वजन सणासुदीच्या हंगामाआधी आणि नंतर मोजून केलेला एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. हंगामातली सरासरी वाढ फक्त ३७० ग्रॅम निघाली. लोकांना स्वतःला वाटत होती त्यापेक्षा ती कितीतरी कमी होती. पण ही वाढ पुढच्या महिन्यांत उतरलीच नाही. दिवाळीचे थोडे, लग्नसराईचे थोडे, सहलीचे थोडे असे साचत जाते आणि चाळिशीत पँटचा हुक लागेनासा होतो.

आपल्या लोकांना याची जास्त काळजी का घ्यावी लागते? पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच छायाचित्र छापले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक (बीएमआय) दोघांचा अगदी सारखा, २२.३. परंतु शरीरातील चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के! दिसायला सडपातळ असूनही आत चरबी जास्त, अशी अनेक भारतीयांची घडण असते. म्हणूनच आपल्याकडे बीएमआय २३ झाला की वजन जास्त समजतात. पाश्चात्यांत ही रेषा २५ वर आहे. कंबरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा. "मी तर बारीक आहे, मला काय होते" असे म्हणणाऱ्या पालकांनी घरची शिवणाची टेप एकदा पोटाभोवती लावून पाहावी.

आता जहाजावरचे खाणे आवरत का नाही, ते पाहू. आपली जुनी पंगत आठवा. पान मांडले की डाव्या बाजूला मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाज्या. आधी वरण-भात, मग पोळी, मग गोड, शेवटी ताक-भात. वाढणारा येईपर्यंत थांबावे लागे. त्या थांबण्यात पोटाला 'भरले' हे कळायला वेळ मिळे, कारण पोटाचा निरोप मेंदूपर्यंत नीट पोहोचायला वीसेक मिनिटे जातात. पंगतीत आग्रह होता हे खरे. पोळ्याच्या सणाला पुरणपोळीवर तुपाची धार किती पडते ते मी सांगायला नको. पण पंगत उठली की जेवण संपले. जहाजावर पंगत उठतच नाही. वाढणारा नाही, क्रम नाही, शेवट नाही. टेबलापाशी आपणच वाढपी, आपणच यजमान आणि आग्रह करणारेही आपणच.

त्यात पदार्थांची विविधता. बार्बरा रोल्स या संशोधिकेने इंग्लंडमध्ये १९८१ साली केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. काही जणांना एकाच प्रकारचे सारण भरलेले सँडविच दिले, काहींना चार प्रकारचे. चार प्रकार मिळालेल्यांनी सुमारे एक तृतीयांश जास्त खाल्ले. एका चवीचा कंटाळा आला तरी दुसऱ्या चवीची भूक शिल्लक असते. पोट भरल्यावरही 'गोडासाठी जागा' कशी निघते, त्याचे हेच उत्तर.

शिवाय आपला एक चांगला संस्कार इथे आपल्यावरच उलटतो. 'पानात टाकू नये' हे आपण मुलांना शिकवतो आणि ते बरोबरच आहे. पण जिथे स्वतःच्या हाताने वाढून घ्यायचे तिथे हा नियम वाढताना लावायचा असतो, खाताना नव्हे. डोळ्यांनी वाढून घ्यायचे आणि संस्काराने संपवायचे म्हणजे अजीर्णच.

म्हणून पहिली गोष्ट ही की रिकाम्या हाताने एक फेरी मारावी. ताट न घेता सगळी टेबले पाहावीत आणि त्यातले खरोखर हवे असलेले दोन-तीन पदार्थ मनात ठरवावेत. घरी रोज मिळणारे बटाट्याची भाजी आणि जिरा-राइस जहाजावर कशाला खायचे? कधी न चाखलेला एखादा मासा किंवा गोव्याचा पदार्थ असेल, तर त्याच्यासाठी जागा ठेवावी. मग आधी निम्मे ताट कोशिंबीर, भाजी, फळे यांनी भरावे (राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेतही भाज्या-फळांचा वाटा साधारण एवढाच सांगितला आहे), उरलेल्या अर्ध्यात डाळ, उसळ, अंडे किंवा मासा आणि पोळी-भात. टेबल पदार्थांपासून दूरचे निवडावे. दुसऱ्यांदा घ्यायचेच असेल तर दहा-पंधरा मिनिटे गप्पा मारून मग उठावे. बरेचदा उठावेसेच वाटत नाही. लहान ताट घेतले की आपोआप कमी खाल्ले जाते, असे पूर्वी मासिकांतून ठासून लिहीत. पण वाढण्याच्या भांड्यांच्या आकाराविषयीचा एक गाजलेला अमेरिकी निबंध २०१८ मध्ये मागे घेण्यात आला, तेव्हा ताटाच्या आकारावर फार विसंबू नये.

मुलांच्या बाबतीत मी शीतपेयांवर बोट ठेवीन. ३०० मिलिलिटरच्या बाटलीत तीस ग्रॅमहून अधिक, म्हणजे सहा-सात लहान चमचे साखर असते आणि ती प्यायल्याने पोट भरल्यासारखे मुळीच वाटत नाही. डब्यातला फळांचा रसही फारसा वेगळा नाही. पेलाभर रसाला तीन-चार संत्री लागतात आणि त्यातला चोथा, जो पोट भरतो, तो निघून जातो. संत्र्यांच्या बागांत वाढलेल्या पोरांनी समुद्रावर जाऊन डब्यातला रस प्यावा, हे मला तरी पटत नाही. आइस्क्रीम दिवसातून एकदा, वेळ मुलाने ठरवावी. एवढे स्वातंत्र्य दिले की भांडण निम्मे होते असा अनुभव आहे.

मधुमेही, रक्तदाबाचे रुग्ण आणि वयस्कर मंडळी यांनी निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना जेवणाच्या वेळा व औषधे यांविषयी विचारून घ्यावे. औषधे हातातल्या पिशवीत असावीत. गोळी किंवा इन्सुलिन घेऊन जेवण टाळणे हे जास्त खाण्यापेक्षा तातडीने घातक ठरू शकते. आजोबांचे तेच झाले. खिशात थोडी साखर किंवा ग्लुकोज ठेवावे. बोट लागण्याच्या भीतीनेही काही जण उपाशी राहतात. त्याने मळमळ वाढते. थोडे, कोरडे, कमी तेलाचे खावे आणि आल्याचा तुकडा चघळावा. जेवणापूर्वी हात साबणानेच धुवावेत. जहाजावर पसरणाऱ्या उलट्या-जुलाबांच्या नोरोव्हायरसवर हाताला चोळायचे सॅनिटायझर पुरेसे पडत नाही.

चालण्याचे काय? आपल्या जुन्या यात्रा पायी होत्या. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर चालणारा वारकरी वाटेत पंगतीला पोटभर जेवतो, पण ते पचवण्याची सोयही वाटच करते. जहाजात वाट चालते आणि आपण बसून राहतो. 'एम्प्रेस'ची लांबी सुमारे २१० मीटर आहे. सकाळी वरच्या डेकवर गर्दी नसते तेव्हा या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन परत येण्याच्या पाच फेऱ्या केल्या की दोन किलोमीटर होतात, आणि सूर्योदय फुकटात. मजले चढायला लिफ्टऐवजी जिना वापरावा. जेवणाच्या वेळी लिफ्टपाशी रांग असतेच.

खरा घोटाळा मात्र जहाजाआधीच सुरू होतो, असे माझे मत आहे. नागपूर ते मुंबई गाडीत प्रत्येक स्टेशनावर वडे, समोसे, भजी येतात आणि बसल्या जागी पोटात जातात. जहाजावर बाहेरचे खाद्यपदार्थ साधारणपणे नेऊ देत नाहीत, पण गाडीत कोणी अडवत नाही. दशम्या, तिळाची चटणी, फुटाणे, मुरमुरे आणि हंगाम असेल तर घरची संत्री एवढा डबा चार जणांना मुंबईपर्यंत सहज पुरतो. परतीच्या गाडीसाठी मुंबईत उतरल्यावर केळी व शेंगदाणे घ्यावेत.

वर सांगितलेल्या पालकांनी आठवड्यानंतर पुन्हा वजन केले तेव्हा दीड किलो उतरलेले होते. उरलेल्या अर्ध्या किलोसाठी ते मुलाला शाळेत सोडायला मोटारसायकलऐवजी पायी येऊ लागले आहेत, निदान हा लेख लिहीपर्यंत तरी. आजोबा त्यांच्याबरोबर अर्ध्या वाटेपर्यंत येतात आणि चहाच्या टपरीपाशी थांबतात. चहा बिनसाखरेचा असतो, असे त्यांचे म्हणणे आहे.