खबर आधी कोणाला?

ॲपमध्ये काही घडले की त्याची खबर ॲपच्या अनेक भागांना हवी असते. घडलेल्या गोष्टीला प्रोग्रॅमर ‘इव्हेंट’ म्हणतात आणि खबरीसाठी नाव नोंदवून ठेवणाऱ्या भागाला ‘सबस्क्रायबर’. मधली ने-आण लायब्ररी करते. अँड्रॉइडसाठीची ‘ग्रीनरोबोट इव्हेंटबस’ ही अशीच एक मुक्तस्रोत लायब्ररी.

इव्हेंट पाठवणाऱ्याला घेणारे कोण आणि किती, हे ठाऊक नसते. म्हणून क्रम ठरवण्यासाठी प्रत्येक सबस्क्रायबर नोंदणीच्या वेळी एक आकडा देऊ शकतो. हीच त्याची प्रायॉरिटी. आकडा दिला नाही तर ० धरला जातो. मोठ्या आकड्याला खबर आधी मिळते. आकडे सारखे असतील तर आधी नोंदणी करणाऱ्याला. नवा सबस्क्रायबर नोंदणीच्या वेळीच यादीत आपल्या जागी बसवला जातो, त्यामुळे इव्हेंट आल्यावर यादी नुसती वरून खाली वाचायची असते.

चॅट ॲपचे उदाहरण घ्या. संभाषण उघडे असेल तर नवा संदेश तिथेच दिसावा, नसेल तर नोटिफिकेशन यावे. नोटिफिकेशनच्या भागाची प्रायॉरिटी ० आणि संभाषणाच्या स्क्रीनची १ ठेवली की काम होते. स्क्रीन आधी संदेश घेते, दाखवते आणि इव्हेंट तिथेच रद्द करते. नोटिफिकेशनपर्यंत तो जातच नाही. स्क्रीन बंद होताना आपली नोंदणी काढून घेते, मग पुढचा संदेश थेट नोटिफिकेशनकडे. दोन्ही भागांना एकमेकांची गंधवार्ताही नसते.

याला दोन मर्यादा आहेत. सबस्क्रायबर कोणत्या थ्रेडवर, म्हणजे कामाच्या कोणत्या धारेवर, चालणार हे त्याचा ‘थ्रेड मोड’ ठरवतो; प्रायॉरिटी एकाच थ्रेड मोडमधल्या सबस्क्रायबरांपुरती चालते. आणि इव्हेंट रद्द करता येतो तो पाठवणाऱ्याच्याच थ्रेडवर चालणाऱ्या सबस्क्रायबरला.

आकड्यांचा अर्थ मात्र सगळीकडे एक नाही. पीएचपी भाषेतल्या सिम्फनी या फ्रेमवर्कमध्ये मोठा आकडा पुढे. वर्डप्रेसमध्ये लहान आकडा पुढे आणि न दिल्यास १०.

रद्द करण्याची सोय अंगाशीही येते. अँड्रॉइडमध्ये एसएमएस आल्याची सूचना पूर्वी प्रायॉरिटीनेच ॲपना मिळे. वरचा आकडा लावून घुसखोर ॲप बँकेचे एसएमएस परस्पर गिळत. फोनच्या मालकाला पत्ताही लागत नसे. २०१३ च्या अँड्रॉइड ४.४ ने ही सूचना मधेच अडवण्याची मुभा काढून घेतली.

शिवाय एकाने १०० लावले की दुसरा १००० लावतो, आणि अशा चढाओढीत क्रम कोणालाच उमगत नाही. क्रमावाचून अडते तिथेच आकडा द्यावा. बाकीच्यांना शून्यच बरे.