मावशीच्या भिंतीवरची दिवाळी

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, खासगी बाजारात माझी मावशी राहते. बेळगावची ही मुलगी लग्न होऊन तिकडे गेली, त्याला पन्नास वर्षे उलटली. शिंद्यांबरोबर उत्तरेत गेलेल्या मराठी घरांपैकी एक तिचे सासर. तिची मराठी आता हिंदीच्या अंगाने जाते, पण माझ्या आईशी फोनवर बोलताना मधूनच एखादा कन्नड शब्द निसटतो आणि दोघी बहिणी हसत सुटतात.

वीसेक वर्षांपूर्वी दिवाळीत मावसभावाचा एक ई-मेल आला. सोबत फोटो होता : काळ्याभोर अंधारात पांढऱ्या, निळ्या, हिरव्या, लाल ठिपक्यांनी उजळलेला भारत. खाली लिहिले होते, 'दिवाळीच्या रात्री अंतराळातून दिसणारा आपला देश.' मावशीने त्याची रंगीत प्रत काढून देवघराशेजारच्या भिंतीवर लावली. ग्वाल्हेर आणि बेळगाव जिथे असतील तिथे पेनाने दोन गोल केले. ''आपली दोन्ही घरं एकाच फोटोत आली बघ,'' ती म्हणाली.

मी भूगोल शिकवते. शहाणपण दाखवायचे सोडून मीही तो फोटो कौतुकाने वर्गात नेला. मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, ''मॅडम, इदु खरेनू? पणत्या निळ्या-हिरव्या कशा दिसतील?'' वर्ग हसला. माझ्याकडे मात्र उत्तर नव्हते.

उत्तर शोधायला मला बराच काळ लागला. हे चित्र अमेरिकेच्या हवामान व सागर संस्थेतले शास्त्रज्ञ ख्रिस एल्व्हिज यांनी २००३ मध्ये तयार केले होते. त्यासाठीची माहिती लष्करी हवामान-उपग्रहांनी टिपलेली होती. ते एका रात्रीचे चित्र नव्हतेच. लोकवस्ती कशी वाढत गेली हे दाखवण्यासाठी अनेक वर्षांच्या नोंदी त्यात एकावर एक ठेवल्या होत्या. १९९२ पूर्वीपासून दिसणारे दिवे पांढरे. १९९२ मध्ये नव्याने दिसलेले निळे, १९९८ मधले हिरवे आणि २००३ मधले लाल. रंग शास्त्रज्ञाने दिलेले होते, पणत्यांचे नव्हते.

२०१२ च्या दिवाळीत १२ नोव्हेंबरच्या रात्री एका उपग्रहाने भारताचा खरा फोटो घेतला आणि नासाने तो प्रसिद्ध केला. त्यात रंगांची उधळण नाही, नेहमीसारखीच शहरे चमकताना दिसतात. रोजच्या विजेच्या दिव्यांपुढे दिवाळीचा जादा उजेड इतका थोडा असतो की तो अवकाशातून बहुधा जाणवतही नाही, असे नासाने तेव्हा सांगितले.

गंमत अशी, की त्या ई-मेलमधले चित्र बनावट नव्हते. खोटी होती ती खालची ओळ. हवामानाच्या बहुतेक 'फसव्या' फोटोंचे असेच असते. २००५ मध्ये अमेरिकेत कॅटरिना वादळ आले, तेव्हा 'वादळ किनाऱ्यावर येताना' म्हणून काळ्याकुट्ट, फिरत्या ढगांचे फोटो जगभर फिरले. ते वादळांचा पाठलाग करणारे छायाचित्रकार माइक हॉलिंग्सहेड यांनी आदल्या वर्षी, समुद्रापासून शेकडो मैल दूर, नेब्रास्का-कॅन्ससच्या मैदानांत काढलेले होते. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर 'हीच ती लाट' म्हणून जे फोटो फिरले, त्यांतले काही चीनमधल्या छियानतांग नदीत भरतीच्या वेळी उसळणाऱ्या प्रसिद्ध लाटेचे, २००२ सालचे होते.

''एवढ्याने कुणाचे काय बिघडते?'' असे वाटेल. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. दोन दिवसांनी जुहूजवळच्या नेहरूनगर वस्तीत 'धरण फुटले, त्सुनामी आली' अशी आवई उठली. अरुंद गल्ल्यांत चेंगराचेंगरी होऊन डझनाहून अधिक माणसे गेली, त्यांत लहान मुलेही होती. तिथे तर फोटोही नव्हता, नुसते शब्द होते. घाबरलेल्या माणसाला तेवढे पुरते.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णा, पंचगंगा, घटप्रभा सगळ्याच फुगल्या होत्या. तेव्हा पाण्यात बुडालेल्या एका गल्लीचा फोटो 'बेळगाव' म्हणून मावशीच्या मोबाईलवर पोचला. आमचा फोन लागेना. आमच्या घरात पाणी नव्हते, पण तिकडे सत्तरीपलीकडच्या बाईने रात्र बसून काढली. सकाळी फोन लागला तेव्हा मी फोटो नीट पाहिला. दुकानाची पाटी ना कन्नड, ना मराठी! त्याच आठवड्यात नदीकाठच्या गावांना खऱ्या सूचनाही मिळत होत्या. खोट्याने दमलेला माणूस खऱ्यालाही 'असेल काहीतरी' म्हणून बाजूला सारतो. मला भीती वाटते ती याची.

म्हणून घरोघरी एवढे तरी करावे. पाटीची लिपी, झाडे, गाड्यांचे नंबर पाहावेत. फोटो कुणी, कुठे, कधी काढला हे विचारावे. इंटरनेटवर फोटोवरून फोटो शोधण्याची सोय आहे. ती मुलांकडून शिकून घ्यावी. मात्र आता यंत्राने बनवलेली चित्रेही येतात, तिथे ती सोय पुरेलच असे नाही. पावसा-वादळाची खबर हवामान खात्याकडून आणि जिल्हा प्रशासनाकडूनच घ्यावी. आणि आपल्या माणसाची काळजी वाटली तर आधी फोन करावा, फोटो मागाहून पाठवावा. आपल्या सीमाभागात मराठी आणि कन्नड दोन्ही घरांत 'खरे' हा शब्द चालतो. 'खरेनू?' असे विचारणे म्हणजे पाठवणाऱ्याचा अपमान नव्हे.

पुढे ग्वाल्हेरला गेले तेव्हा भीतभीतच मावशीला फोटोची हकिगत सांगितली. ती थोडा वेळ गप्प बसली. ''म्हणजे दिवाळीचा नाही. पण दिवे तर आपलेच ना?'' तिने विचारले. म्हटले, ''हो, ते खरे.'' तिने फोटो भिंतीवरून काढला, खालची छापील ओळ पेनाने खोडली आणि लिहिले : 'बेळगाव आणि ग्वाल्हेर. रोजचे दिवे.' मग तो परत जागेवर लावला.